माउस हलला म्हणजे काम झालं? टाइम ट्रॅकिंगच्या ‘सहा नियमां’ना उत्तर

‘टीमसाठी टाइम ट्रॅकिंग सॉफ्टवेअर घेताय? हे ६ नियम पाळा’ असा एक मेसेज छोट्या ऑफिसांच्या मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. काल तो मला भाच्यानं पाठवला. पुण्यात त्याचं अकरा माणसांचं ऑफिस आहे, वेबसाइट आणि डिझाइनची कामं करतात. हा मेसेज प्रमाण मानून सोमवारी तो पैसे भरायला निघाला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो, कारण हा मेसेज आणखी शंभर ऑफिसांत पोचला असणार.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दर दहा मिनिटांना स्क्रीनशॉट घेणारंच सॉफ्टवेअर घ्या; अ‍ॅक्टिव्हिटी ७० टक्क्यांच्या खाली गेली की तेवढ्या वेळाचा पगार कापा; लॅपटॉप कंपनीचा आहे, तेव्हा कोणाला विचारू नका, सांगूही नका, लपून चालणारा मोड वापरा; सॉफ्टवेअर ऑटोमॅटिक असलं की टाइमशीट (कोणत्या कामाला किती वेळ गेला याची हातानं केलेली नोंद) भरावी लागत नाही; हजेरी, ओव्हरटाइम, पगार सगळं त्यातूनच काढा; आणि फुकट मिळतंय तर पैसे घालवू नका, फक्त फीचर जास्त आहेत का ते बघा.

यातला सगळ्यात घातक नियम दुसरा आहे, म्हणून आधी तोच. ‘अ‍ॅक्टिव्हिटी’चा आकडा निघतो कसा, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्या किती जणांनी पाहिलं आहे? हबस्टाफसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांचा एक तुकडा धरतात, म्हणजे ६०० सेकंद. ज्या सेकंदात एखादं बटण दाबलं गेलं किंवा माउस हलला, तो सेकंद सक्रिय. सक्रिय सेकंद भागिले ६००, हे झाले टक्के. काय टाइप केलं, कोणत्या क्लायंटसाठी केलं, ते बरोबर होतं का, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं.

असा एक तुकडा घेऊन बघा. डिझायनर क्लायंटशी फोनवर सात मिनिटं बोलते आहे. लोगो डावीकडे का नको, छपाई कुठल्या कागदावर होणार, गेल्या वेळचा निळा रंग कुठे बिघडला. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं वहीत टिपणं. ४२० सेकंद, अ‍ॅक्टिव्हिटी शून्य. उरलेल्या तीन मिनिटांत ती फाइल उघडते, थांबत, बघत दुरुस्त्या सुरू करते; त्यात ९० सेकंद हात चालला असं धरू. ९० भागिले ६००, म्हणजे १५ टक्के. शेजारी कोणी क्रिकेटचा स्कोअर वर-खाली सरकवत बसला आणि ४२० सेकंद त्याचा माउस हलत राहिला, तर त्याचे ७० टक्के भरले. मेसेजच्या हिशोबानं पगार तिचा कापायचा!

शिवाय एकच ७० टक्क्यांची रेघ सगळ्यांना कशी लावणार? डेटा एंट्री करणाऱ्याचा हात सतत चालतो. दुसऱ्याचा कोड तपासणारा वीस मिनिटं वाचतो आणि दोन ओळी लिहितो. त्या दोन ओळींनी आठवडाभराची चूक वाचलेली असते.

आणि माणसं काय करतात तेही माहीत असू द्या. माउस आपोआप हलवणारी छोटी यूएसबी यंत्रं बाजारात सर्रास मिळतात. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं २०२४ साली डझनभराहून जास्त कर्मचाऱ्यांना कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल काढून टाकलं. ज्या आकड्यावर पगार अडतो, तो आकडा माणूस सांभाळतो. मग तुमच्याकडे साठलेल्या तासांवरून ना बिल बरोबर निघतं, ना पुढचं कोटेशन.

या मुद्द्यावर एक भक्कम निर्णय उपलब्ध आहे. फ्रान्सची डेटा-संरक्षण संस्था सीएनआयएल हिनं डिसेंबर २०२४ मध्ये घरबांधणी-जमीन क्षेत्रातल्या एका कंपनीला ४०,००० युरो दंड केला. तिथे अगदी हेच चालू होतं: तीन ते पंधरा मिनिटं कीबोर्ड-माउस शांत राहिला की ती ‘निष्क्रियता’ म्हणून नोंदली जायची, वेळ भरून काढला नाही किंवा कारण दिलं नाही तर पगारकपात होऊ शकत होती, आणि मधूनमधून स्क्रीनशॉटही घेतले जात. संस्थेनं स्पष्ट म्हटलं की मीटिंग आणि फोनवरचं बोलणं हेही कामच आहे, त्यामुळे कामाचा वेळ मोजण्यासाठी हे साधन विश्वासार्ह नाही. फ्रान्सचा कायदा आपल्याला लागू नाही, हे मान्य. पण कीबोर्ड शांत असताना काम चालू असू शकतं, ही गोष्ट फ्रान्समध्ये खरी आणि पुण्यात खोटी कशी असेल?

आपल्याकडेही पगारातून काय कापता येतं याची यादी कायद्यातच दिलेली आहे, पूर्वी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात आणि आता २०१९ च्या वेतन संहितेत. गैरहजेरी त्या यादीत आहे. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा माउस हलला नाही, हे कारण त्यात नाही.

आता स्क्रीनशॉट. दहा मिनिटांना एक म्हणजे आठ तासांत ४८. अकरा माणसांचे रोज ५२८, आणि २२ दिवसांच्या महिन्यात ११,६१६. एकेका चित्रावर फक्त पाच सेकंद नजर टाकायची म्हटली तरी सोळा तास लागतात. मालकानं महिन्यातले दोन अख्खे दिवस यात घालवायचे का? कोणीही ते बघत नाही, ते फक्त साठत राहतात. साठतं काय, तर क्लायंटचं बँक स्टेटमेंट, उघडा राहिलेला पासवर्ड, कोणाची पगाराची स्लिप, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आलेला घरचा निरोप. २०२५ मध्ये वर्ककंपोझर नावाच्या अशाच सॉफ्टवेअरचे दोन कोटींहून जास्त स्क्रीनशॉट कुलूप नसलेल्या क्लाउड साठ्यात उघडे पडलेले सापडले. बिल करण्यासाठी ज्याची गरज नव्हती, तेच फुटलं.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामाच्या वेबसाइटवर अनोळखी माणसाकडून तासावर काम घेतलं, तर दहा-दहा मिनिटांचे स्क्रीनशॉट पैशांच्या वादात पुरावा म्हणून उपयोगी पडतात. पण तिथे काम करणाऱ्याला ते घेतले जातात हे ठाऊक असतं, तो स्वतः ते पाहू शकतो, नको असलेला काढूही शकतो आणि तेवढ्या वेळाचे पैसे सोडतो. ही व्यवस्था उचलून रोज समोर बसणाऱ्या पगारी टीमवर लादणं वेगळं.

तिसऱ्या नियमात अर्धं सत्य आहे, आणि ते नाइलाजानं मान्य करतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी लागणारा डेटा संमतीशिवाय वापरण्याची मुभा आहे. म्हणजे ‘प्रत्येकाची सही घ्याच’ असं कायदा म्हणत नाही. पण मुभा नोकरीच्या कारणापुरती आहे, घरच्या निरोपाच्या फोटोसाठी नाही. आणि संमती नको म्हणजे जबाबदारी नको, असंही नाही. डेटा नीट सांभाळण्याची आणि काम संपलं की पुसण्याची जबाबदारी मालकाचीच राहते, आणि सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. तोवर लपूनछपून साठवलेला ढीग कोण उपसणार?

लपून चालणारा मोड तर सरळ नाकारा. टीमला एका पानावर लिहून द्या: काय नोंदलं जातं, कोण बघतं, किती दिवस ठेवतो. आणि अ‍ॅडमिनचं लॉगिन प्रत्येकाचं वेगळं ठेवा. वर सांगितलेल्या फ्रेंच कंपनीत ते अनेक जणांत एकच होतं, दंडाच्या कारणांत तेही आहे.

चौथा नियम: ऑटोमॅटिक असलं की टाइमशीट नको. ऑटोमॅटिक नोंद आठवण करून द्यायला चांगली, यात शंका नाही. शनिवारी संध्याकाळी बसून अख्खा आठवडा आठवून भरलेल्या टाइमशीटवर मीही विश्वास ठेवणार नाही. पण सॉफ्टवेअर सांगतं ‘क्रोम, २ तास ४० मिनिटं’. ते कोणत्या क्लायंटचं, नवीन काम की आपल्याच चुकीची दुरुस्ती, हे फक्त माणूस सांगू शकतो. आणि बिल त्यावरच ठरतं.

म्हणून सॉफ्टवेअर बघण्याआधी कागदावर लिहा की या तासांवरून काय ठरवायचं आहे. क्लायंटचं बिल, की पुढच्या कामाचं कोटेशन, की कोणावर भार जास्त पडतोय ते? मग क्लायंट, प्रोजेक्ट आणि काम अशा तीनच पायऱ्या ठेवा. कामाचे प्रकार आठ-दहाच्या वर नेऊ नका. पंचवीस केले की माणूस पहिला दिसेल तो निवडतो आणि सगळे तास ‘इतर’मध्ये जाऊन बसतात. ‘आपली दुरुस्ती’ आणि ‘क्लायंटनं सांगितलेला बदल’ हे दोन प्रकार मात्र वेगळे हवेतच, कोटेशन कुठे चुकतं ते तिथेच कळतं. नोंद त्याच दिवशी, घरी जाण्यापूर्वी. चालू राहिलेला टायमर रात्रभरात चौदा तास दाखवतो, तेव्हा ठरावीक तासांनंतर सूचना येते का ते तपासा. टायमर चालू असताना मशीन शांत राहिलं तर सॉफ्टवेअरनं ‘हा वेळ ठेवू का?’ असं विचारावं, स्वतःहून कापू नये.

टाइम झोन हा छुपा खड्डा आहे. सेटिंग यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, राहिलं तर आपली तारीख पहाटे साडेपाचला बदलते. अमेरिकेच्या क्लायंटसाठी १ जूनला पहाटे तीनला केलेलं काम ३१ मेच्या रात्री साडेनऊचं म्हणून मेच्या बिलात जातं. क्लायंटचा हिशोब जुळत नाही आणि कोणाला कारण सापडत नाही.

पाचवा, पगाराचा. क्लायंटला लावायचे तास आणि हजेरीचे तास या दोन वेगळ्या वह्या आहेत. दिवसाचे साडेआठ तास ऑफिसात असलेल्या माणसाचे बिलाचे तास सहा निघाले, तर उरलेले अडीच चोरीचे नसतात. मीटिंग, शिकणं, नव्या माणसाला समजावणं, कोटेशन बनवणं त्यातच येतं. २०१७ चा महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापना कायदा जिथे लागू होतो तिथे जादा कामाला दुप्पट दर आहे, आणि तो हजेरीच्या तासांवरून ठरतो, टायमरवरून नाही.

राउंडिंगही याच खात्यात. प्रत्येक नोंद वरच्या पंधरा मिनिटांवर नेण्याचं सेटिंग चालू असेल, तर पाच-पाच मिनिटांच्या सहा नोंदी अर्ध्या तासाऐवजी दीड तास होतात. राउंडिंग करायचंच असेल तर दिवसाच्या एकूण वेळेवर करा, आणि क्लायंटला करारात लिहून द्या.

सहाव्याबद्दल फार लिहीत नाही. फुकट योजनेत बहुधा तेच नसतं जे बिलाला लागतं: मंजुरी, महिना संपल्यावर नोंदी लॉक करणं, माणसागणिक दर. किमाईसारखं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, उत्तम आहे, पण बॅकअप आणि अपडेट कोण बघणार ते नाव आधी ठरवा. विकतचं घेतलंत तर माणशी महिना ५ डॉलर ऐकायला थोडे वाटतात; अकरा जणांचे वर्षाला ६६० डॉलर होतात, आणि परदेशी कंपनीकडून घेतल्यास जीएसटी नोंदणी असलेल्यांना रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानंच, १८ टक्के भरावे लागतात, मग पात्र असल्यास त्याचं क्रेडिट मिळतं.

विकत घेण्याआधी तीन माणसांना दोन आठवडे खऱ्या कामावर वापरायला द्या आणि शेवटी सगळ्या नोंदी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी मजकूर फाइल) बाहेर काढा. भाच्याला मी सोमवारी एवढंच करायला सांगितलं आहे. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली आणि मराठी प्रोजेक्टची नावं अगम्य चिन्हांत दिसली तर घाबरू नका, डेटा टॅबमधून यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट वाचणारी लिपी-सांकेतिक पद्धत) निवडून आत घ्या. एका माणसाची महिन्याची बेरीज १६३ तास ३० मिनिटं यायला हवी तिथे १९:३० दिसली, तर एक्सेल दर चोवीस तासांनी पुन्हा शून्यावर येतंय. सेलच्या फॉरमॅटमध्ये तासाच्या अक्षराला चौकटी कंस घाला, म्हणजे [h]:mm. आणि १ तास २० मिनिटं दशांशात १.३३ आली आहेत की १.२० ते हातानं तपासा. तासाला १,५०० रुपये दर असेल तर पहिल्याचे १,९९५ होतात आणि दुसऱ्याचे १,८००.