दातांवरचे ते डाग घासून जाणार नाहीत

पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या भागातल्या मुलांच्या पुढच्या दातांवर पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसले की मोठी माणसे पहिल्यांदा विचारतात, "दात नीट घासतोस की नाही?" हा त्या मुलांवर चक्क अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो दात हिरडीबाहेर येण्याच्या कितीतरी आधी, जबड्याच्या आतच बिघडलेला असतो.

दाताचे इनॅमल, म्हणजे वरचे कठीण आवरण, पक्के होत असताना त्यातली प्रथिने हळूहळू निघून जातात आणि त्यांची जागा खनिजांचे स्फटिक घेतात. या काळात मुलाच्या पोटात सतत जादा फ्लोराइड जात राहिले, तर ही क्रिया रेंगाळते आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली सच्छिद्र थर राहून जातो. दोष सौम्य असेल तर दात कोरडा करून पाहिल्यावर बारीक, आडव्या, पांढुरक्या रेषा दिसतात आणि त्या बहुधा डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्याच असतात. दोष तीव्र असेल तर दात उगवतानाच खडूसारखा असतो, चावताना त्याचे टवके उडून खड्डे पडतात आणि तपकिरी रंग नंतर चढतो. गेलेले इनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. दंतवैद्य डाग फिके करू शकतात किंवा झाकू शकतात, एवढेच.

फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याने 1901 साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे काम सुरू केले तेव्हा त्याला हेच डाग दिसले, आणि त्यांचे कारण पाण्यातले फ्लोराइड आहे हे 1931 मध्ये रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या तपासणीतून उघड झाले. इतकी वर्षे ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी आजही मुलांनी शरमेने तोंडावर हात धरून हसावे, याचे मला फार वाईट वाटते.

पुढच्या कायमच्या दातांसाठी जन्मानंतरची पहिली तीन वर्षे सर्वांत नाजूक असतात आणि इतर दातांचा धोका साधारण आठव्या वर्षापर्यंत टिकतो. म्हणून दुधाचे दात स्वच्छ दिसतात यावर निर्धास्त राहू नये. आईच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य असते. मात्र पावडरचे दूध त्याच पाण्यात कालवले, तर पाण्यातले सगळे फ्लोराइड बाळाच्या पोटात जाते.

टूथपेस्ट बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण तेच फ्लोराइड योग्य प्रमाणात दात किडण्यापासून वाचवते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट द्यावी आणि ती गिळू देऊ नये. खरे लक्ष द्यायचे ते पाण्याकडे. फ्लोराइडला रंग, वास वा चव नसते, आणि पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. खडक आणि खोली बदलली की शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांच्या पाण्यातही मोठा फरक पडू शकतो. त्यामुळे लहान मुले जिथले पाणी पितात, तो प्रत्येक स्रोत वेगळा तपासून घ्यावा आणि आकडा मर्यादेबाहेर निघाला, तर कमी फ्लोराइडचे पाणी सर्वांत आधी तान्ह्या बाळांना आणि लहान मुलांना मिळावे.