अलियासपेक्षा सीडीपाथ सोयीचा

टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या खिडकीत) फोल्डरांत झटपट पोहोचण्यासाठी प्रत्येक फोल्डरसाठी स्वतंत्र अलियास (लांब आज्ञेचे आखूड टोपणनाव) करावा, हा तुमच्या लेखातील सल्ला चार-पाच फोल्डरांपुरता ठीक आहे. परंतु सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद व्यापाऱ्यांचे हिशेब आम्ही सांभाळतो, तेथे प्रत्येक पेढीचे वेगळे फोल्डर असल्याने अलियासांची यादीच पाठ करावी लागेल. त्यापेक्षा बॅश या टर्मिनलमधील आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या सीडीपाथ (CDPATH) या व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या नोंदीत) सर्व पेढ्यांची फोल्डरे असलेल्या मूळ फोल्डरचा पत्ता एकदा नोंदवला, की कोठूनही ‘सीडी’ (cd, फोल्डर बदलण्याची आज्ञा) व पेढीचे नाव एवढेच लिहून तेथे पोहोचता येते आणि नवी पेढी आली तरी काहीही बदलावे लागत नाही.

मात्र सीडीपाथमधील पत्त्यांच्या यादीच्या आरंभी टिंब (म्हणजे सध्याचे फोल्डर) ठेवावे, अन्यथा समोर त्याच नावाचे फोल्डर असूनही दुसरेच उघडू शकते. तसेच हे व्हेरिएबल एक्सपोर्ट करू नये, म्हणजे बॅशमधून चालणाऱ्या इतर प्रोग्रामांना पुरवू नये. सीडीपाथमधून फोल्डर सापडले की ‘सीडी’ त्याचा पूर्ण पत्ता छापते आणि एखाद्या स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या फाइलमध्ये) त्यावरून नसता घोळ होतो.