कुलाबा किल्ल्याला जायचंय? आधी तिथी बघा

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, हे बघून निघणारे मात्र थोडेच. मग लांबून आलेली मंडळी भर भरतीत किनाऱ्यावरूनच फोटो काढून परततात. नाहीतर किल्ल्यावर रेंगाळतात आणि पाणी चढल्यावर पोरांना कडेवर घेऊन धावत सुटतात. हा दुसरा प्रकार जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडचा जुना हिशेब अगदी सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी 3 च्या सुमारास भरती. तिथून सव्वासहा तास मागे गेलं की ओहोटी, सकाळी पावणेनऊला. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच लागू. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे धरायचा, आणि नेमकी वेळ मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची.

पण नुसती वेळ जुळून भागत नाही. अष्टमीचंच घ्या. भरती सहाला, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला. कागदावर यासारखी सोय नाही. पण तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक अगदी कमी. पाणी फारसं मागे हटतच नाही आणि मधला पट्टा ओहोटीतही बुडालेला राहू शकतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण असल्यामुळे सुकती, म्हणजे ओहोटी, खोल लागते, पण पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. दुपारी तिथे समुद्र तुडुंब. म्हणून एका दिवसाच्या सहलीला तृतीया ते पंचमी हेच दिवस धरावेत. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान ओहोटी, पाणीही चांगलं उतरलेलं. किल्ल्यावरच्या सिद्धिविनायकाला चतुर्थीला जाणाऱ्यांची तर आपसूकच सोय होते.

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास निघा आणि वेळ उलटल्यावर तासाभरात परतीला लागा. भरती सुरुवातीला फसवते. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलतं, पण एकूण चढण्यातलं निम्मं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात येतं. उधाणात हे चढणं चार मीटरच्या आसपास असतं. तुम्ही तटावरून पश्चिमेकडे बघत बसता, तेवढ्यात मागे किनाऱ्याकडचा सखल भाग भरलेला असतो. घोडागाडीने गेलात तर गाडीवान सांगेल ती परतीची वेळ पाळा, तिथे घासाघीस नको. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात. खडकांवरची कालवं तळपाय कापतात, आणि शेवाळावर साधी चप्पल टिकत नाही. पावसाळ्यात या वाटेला जाऊच नये.

किल्ल्यावर वेळ कमी असेल तर आधी तट बघा. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेत, सांध्यात चुना नाही. फटीत बोट घालून बघा. लाट आदळली की पाणी या फटींत शिरतं, जोर मोडतो आणि ते तसंच बाहेर निथळतं. 1680 मध्ये शिवाजी महाराजांनी काम सुरू केलेला हा तट अजून उभा आहे, त्यात या सांध्यांचा वाटा मोठा. कान्होजी आंग्र्यांच्या काळात 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागवर चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफा आहेत. त्यांना आंग्र्यांच्या तोफा समजून लोक फोटो काढतात. जवळ जाऊन अक्षरं वाचा: इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव आणि 1849 साल. म्हणजे आंग्र्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केल्यानंतरच्या या तोफा. सिद्धिविनायकाचं मंदिर मात्र आंग्र्यांचंच, 1759 मध्ये राघोजींनी बांधलेलं. गणपती, शंकर, विष्णू, सूर्य आणि देवी असं पंचायतन आहे. शेजारच्या पुष्करणीत उतरून हातपाय धुऊ नका. खाऱ्या समुद्राच्या मधोमध राखलेलं ते गोडं पाणी आहे.

वाळूवर उतरण्याच्या जागी रोजची ओहोटीची वेळ आणि किल्ल्यावरून निघण्याची शेवटची वेळ, दोन्ही हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असायलाच हवीत. एक फळा आणि खडू, यापलीकडे त्याला खर्च नाही. अलिबागकरांनी हे नगरपरिषदेकडे लावून धरावं.