ख्रिस स्क्वायर मागे उभा नव्हता

प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकची चर्चा निघाली आणि ‘यस’ या इंग्लिश बँडपर्यंत पोहोचली की एक ठरावीक मत हमखास कानावर येतं. शब्द थोडे इकडेतिकडे, पण आशय असा: यस म्हणजे जॉन अँडरसनचा गळा, स्टीव्ह हाउची गिटार आणि रिक वेकमनचे कीबोर्ड. बेस वाजवणारा ख्रिस स्क्वायर गुणी होता, पण साथीपुरता. त्याच्या बेसचा तो गाजलेला आवाज ही मुळात रिकनबॅकर कंपनीच्या बेस गिटारची करामत. १९७७मध्ये पंक हे साधं, आक्रमक रॉक आलं आणि त्याची खरी कारकीर्द आटोपली. १९८३मध्ये तो पैशासाठी पॉपकडे वळला आणि उरलेली तीस वर्षं त्याने बँडच्या नावावर दुकान चालवलं.

यातलं शेवटचं विधान अर्धंमुर्धं खरं आहे, त्याकडे येतोच. बाकीची विधानं रेकॉर्ड लावली की टिकत नाहीत.

‘साथीपुरता’ हे आधी घेऊ, कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो. बहुतेक रॉक बँडमध्ये बेसचं काम ड्रम्सबरोबर ठेका धरायचं आणि कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा, मूळ स्वर खाली भक्कम ठेवायचं असतं. हीच अपेक्षा घेऊन यस ऐकलं तर स्क्वायर चुकतोय असंच वाटेल, कारण तो मूळ स्वरावर फारसा थांबतच नाही. १९७१च्या ‘फ्रॅजाइल’ अल्बममधलं ‘राउंडअबाउट’ घ्या. सुरुवातीची हाउची अकूस्टिक गिटार सुंदर आहेच, पण गाणं धावायला लागतं ते बेस आल्यावर, आणि गाणं संपल्यावर आपण गुणगुणतो त्यात बेसची ओळ असते. त्याच अल्बममधल्या ‘हार्ट ऑफ द सनराइज’च्या सुरुवातीला सगळा बँड एक घाईची ओळ वाजवून थांबतो आणि बेस आपल्या चालीने पुढे निघतो, बिल ब्रुफर्डचे ड्रम्स त्याच्याभोवती खेळत राहतात. या गाण्याच्या रचनेचं श्रेय अँडरसन, स्क्वायर आणि ब्रुफर्ड या तिघांना आहे. आणि ‘द फिश’ तर स्क्वायरचीच रचना. तासन्‌तास बाथटबमध्ये बसून राहायच्या सवयीमुळे मित्र त्याला ‘फिश’ म्हणायचे, म्हणून हे नाव. त्यात ठेका, मधली ओळ आणि वरची धून ही सगळी कामं बेस करतो, एकावर एक मुद्रित केलेल्या अनेक थरांतून. साथीदाराला अल्बमवर अशी जागा कुणी देत नाही.

ही सवय आली कुठून? माझ्या मते चर्चमधून. स्क्वायर ४ मार्च १९४८चा, वायव्य लंडनमधल्या किंग्जबरीचा. लहानपणी तो तिथल्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या चमूत, गायचा. कॉयर शिकवायला होते बॅरी रोज, जे पुढे लंडनच्या सेंट पॉल्स कथीड्रलमध्ये गेले. अशा गायनात खालच्या पट्टीतला आवाज वरच्याची पाठराखण करत नाही. त्याला स्वतःची चाल असते, तो आपल्या वेळी शिरतो, वरच्या सुराच्या उलट दिशेने चालतो आणि मुक्कामाला त्याला येऊन मिळतो. स्क्वायरचा बेस नेमकं हेच करतो. आता हा माझा अंदाज आहे असं कुणी म्हणेल. मग १९७५चा त्याचा एकट्याचा अल्बम ‘फिश आउट ऑफ वॉटर’ काढा. सगळी गाणी त्याची, गायनही त्याचं. वाद्यवृंदाची रचना अँड्र्यू प्राइस जॅकमनची, जो यसच्या आधीच्या ‘द सिन’ या बँडमधला त्याचा सहकारी. आणि पहिल्याच गाण्यात सेंट पॉल्सचा पाइप ऑर्गन वाजतो, वाजवणारे स्वतः बॅरी रोज. सत्तावीस वर्षांच्या रॉक वादकाने पहिल्या एकल अल्बमवर आपल्या लहानपणच्या कॉयरमास्तरांना बोलावलं, यावरून त्याचा कान कुठे घडला ते कळतं. या अल्बमवर पुढे येऊन वाजवणारा दुसरा गिटारवादक नाहीच. ती जागा बेसने घेतली आहे आणि कुठे रिकामपण जाणवत नाही.

गळ्याचीही गोष्ट इथेच येते. यसच्या गाण्यांत अँडरसनला लागून जो दुसरा आवाज असतो तो बऱ्याचदा स्क्वायरचा, आणि तो इतका मिसळलेला की नवख्याला दोन माणसं गाताहेत हे कळतही नाही. ज्याला ‘अँडरसनचा गळा’ म्हणतात त्यात थोडा स्क्वायर आहे.

आता रिकनबॅकर. गिटार चांगलीच होती, वाद नाही. बूझी अँड हॉक्सच्या दुकानात नोकरी करत असताना, १९६५च्या सुमारास, त्याने ती घेतली आणि आयुष्यभर सांभाळली. पण याच कंपनीचे बेस पॉल मॅकार्टनीकडे होते, मोटरहेडच्या लेमीकडे होते. तिघांची एकेक रेकॉर्ड पाठोपाठ लावा. गिटारमुळे आवाज येतो म्हणणाऱ्यांना तिघांत काय सारखं ऐकू येतं ते त्यांनीच सांगावं.

स्क्वायरने केलेली गोष्ट अशी. या बेसला दोन पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारे भाग, असतात. मानेजवळचा खर्ज पकडतो, तारा टेकतात त्या पुलाजवळचा तीक्ष्ण आवाज. त्याने गिटारचं वायरिंग बदलून दोन्ही वेगळे काढले आणि खर्ज एका अॅम्प्लिफायरला स्वच्छ दिला, तीक्ष्ण भाग दुसऱ्याला देऊन फाटेपर्यंत चढवला. बेसचा पूर्ण आवाज फाडला तर खालचा खर्ज चिखल होतो. वेगळा काढल्यामुळे जमीन घट्ट राहते आणि वर धार येते. त्यात रोटोसाउंड कंपनीच्या गोल वेटोळ्याच्या तारा, ज्यांचा आवाज खणखणीत. आणि पिक, म्हणजे तारा छेडायची पातळ पट्टी, धरायची त्याची तऱ्हा: पिक तारेवर पडल्यावर लगेच अंगठ्याची कडही तारेला लागायची, त्यामुळे प्रत्येक स्वराला एक चावा यायचा. हे दुकानात मिळत नाही. ध्वनिमुद्रक एडी ऑफर्डचं श्रेय मात्र द्यायला हवं. त्याने हा आवाज मिक्समध्ये हाउच्या गिटारच्या बरोबरीला आणून ठेवला.

‘१९७७मध्ये पंकने संपवलं’ या विधानावर फार वेळ घालवायची गरज नाही. त्या वर्षीच्या जुलैमध्ये यसचा ‘गोइंग फॉर द वन’ आला आणि ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच उन्हाळ्यात सेक्स पिस्टल्स हा पंक बँड गाजत होता. अल्बममधलं ‘वंडरस स्टोरीज’ हे गाणं सिंगल्सच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. १९८०मध्ये अँडरसन आणि वेकमन दोघंही सोडून गेल्यावर स्क्वायर, हाउ आणि ड्रमर अॅलन व्हाइट यांनी ‘बगल्स’ या पॉप जोडगोळीला बँडमध्ये घेतलं. जुने चाहते तेव्हा चक्रावले. पण त्या ‘ड्रामा’ अल्बमने दुसरा क्रमांक गाठला आणि त्यातल्या ‘टेम्पस फ्युजिट’मधला बेस माझ्या लेखी त्याच्या सर्वोत्तम पाचांत बसतो. पंकमुळे समीक्षकांची चव बदलली. रेकॉर्ड घेणारे लोक तिथेच होते.

१९८३च्या पैशांकडे येऊ. ‘ड्रामा’नंतर १९८१मध्ये बँड मोडला. स्क्वायर आणि व्हाइट यांनी लेड झेपलिनच्या जिमी पेजबरोबर थोडे दिवस काम केलं, ते तडीस गेलं नाही. मग दक्षिण आफ्रिकेचा गिटारवादक ट्रेव्हर रेबिन भेटला, जुना कीबोर्डवादक टोनी केही आला आणि बँड उभा राहिला. त्याचं नाव होतं ‘सिनेमा’. आरोप करणारे हे नाव विसरतात. नाव विकायचं असतं तर ‘यस’ ही पाटी पहिल्या दिवशीच लागली असती. त्याऐवजी चौघं कोऱ्या नावाने महिनोन्‌महिने रेकॉर्डिंग करत होते. स्क्वायरने अँडरसनला गाणी ऐकवली, तो गायला आला आणि मग पाटी बदलली. ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ जानेवारी १९८४मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या गाण्याचं बीज रेबिनचं आणि घडण निर्माता ट्रेव्हर हॉर्नची. स्क्वायरच्या खात्यावर ते पूर्ण टाकता येत नाही, तसं ‘पॉपकडे वळला’ हा ठपकाही एकट्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय त्याच ‘९०१२५’ अल्बमवर ‘लीव्ह इट’ आहे, ज्यात गळ्यांवर गळे रचलेले आहेत आणि पुन्हा कॉयर आठवतो. अल्बमला ग्रॅमी मिळालं ते ‘सिनेमा’ नावाच्या दोनेक मिनिटांच्या शब्दांविना तुकड्यासाठी.

आता ‘दुकान’. २००८मध्ये अँडरसन आजारी पडला, बँडने थांबायचं नाकारलं आणि यसचीच गाणी गाणाऱ्या एका बँडमधल्या बेन्वा डेव्हिड या कॅनडियन गायकाला उभं केलं. ज्यांना हे खुपलं त्यांचं खुपणं रास्त आहे. २०१४चा ‘हेवन अँड अर्थ’ मलाही मिळमिळीत वाटतो. १९८९मध्ये अँडरसन, ब्रुफर्ड, वेकमन आणि हाउ एकत्र आले तेव्हा नाव स्क्वायरच्या बाजूकडे असल्यामुळे त्यांना ‘यस’ म्हणवून घेता आलं नाही, अल्बमवर चार आडनावं छापावी लागली. वकिलांपर्यंत गेलेलं ते भांडण शोभेचं नव्हतं.

पण दुकानदाराला माल बदलायचा नसतो. या माणसाचा ‘जेनेसिस’ बँडचा माजी गिटारवादक स्टीव्ह हॅकेटबरोबर केलेला नव्या गाण्यांचा अल्बम २०१२मध्ये आला. १९६८पासून यसमध्ये गायक बदलले, गिटारवादक बदलले, कीबोर्डवादकांची तर रांगच लागली. स्क्वायर हयात असताना निघालेल्या बँडच्या प्रत्येक स्टुडिओ अल्बमवर वाजलेला माणूस एकच आहे. २७ जून २०१५ रोजी अॅरिझोनातल्या फीनिक्समध्ये तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. ऑगस्टमध्ये कनेटिकटला बँडचा कार्यक्रम झाला, बेसवर बिली शेरवूड होता. स्क्वायरशिवाय झालेला यसचा तो पहिला कार्यक्रम, सत्तेचाळीस वर्षांत. दोन वर्षांनी यसचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, त्या रात्री ‘राउंडअबाउट’चा बेस वाजवायला ‘रश’ बँडच्या गेडी लीला बोलावण्यात आलं.