हे माझ्याकडचं काम नाही

जुनी गाडी बाळगणाऱ्याला दोन देव सांभाळावे लागतात. एक मिस्त्री, दुसरा वायरमन. इंजिन, गिअर, ब्रेक, थोडक्यात जे जे काळं आणि तेलकट, ते मिस्त्रीचं. बॅटरी, इंजिन फिरवून सुरू करणारा सेल्फ, दिवे, हॉर्न आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो वायरमनचा. (खरं म्हणजे तो अल्टरनेटर, पण गॅरेजात तसं म्हटलं तर बिल वाढतं.) नव्या गाड्यांना ही वाटणी ठाऊक नाही. त्यांना लॅपटॉप जोडला की बिघाड तोच सांगतो. आमची गाडी १९९७ ची. तीन सिलेंडर, कार्बोरेटर आणि थंड इंजिन सुरू करताना हाताने ओढायचा चोक. हिला लॅपटॉप लावायचा तर टपावर ठेवावा लागेल.

गाडी मूळची सासऱ्यांची, त्यामुळे तिला नावं ठेवणं म्हणजे माहेराला नावं ठेवणं, असा घरातला कायदा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत नेऊन फिटनेस दाखवायचा आणि पर्यावरण कर भरायचा. त्या कराच्या पावतीकडे बघत मी एकदा भंगाराच्या भावाचा विषय काढला होता. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा फिटनेस कोण काढतंय?"

तर, पावसाळ्याच्या तोंडावर क्लच प्लेट बदलली. त्यासाठी गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. मिस्त्रीने तो घेतला, परत चढवला, चिंध्यांना हात पुसले आणि गाडी बाहेर काढली. ट्रेमध्ये एक बोल्ट उरला होता.

"मिस्त्री, हा कुठला?"

"आसूं द्या सर, एखादा ऱ्हातोच. कंपनी जास्तीचं लावती."

एवढी वर्षं गाडी चालली ती कंपनीच्या उधळपट्टीवर, हे मला त्या दिवशी कळलं. बोल्ट मी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला.

त्यानंतर सेल्फ कण्हायला लागला. किल्ली फिरवली की पूर्वी एका दमात खर्रर्र व्हायचं, ते आता खर्र… खर्र… आणि मग नुसतं टक. कॉलनीत बोनेट उघडं दिसलं की माणसं जमतात. उघड्या बोनेटपाशी मौन पाळलेला माणूस मी साताऱ्यात अजून पाहिलेला नाही. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, "नोझल चोकअप." पेट्रोल गाडीला डिझेलचं नोझल नसतं, हे त्यांना सांगण्याची कॉलनीत कुणाची टाप नाही. दुसऱ्याने उंदरांनी वायरी कुरतडल्याचं सांगून बोनेटमध्ये तंबाखूची पुडी टांगायला लावली. ती दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली. उंदीर तंबाखू खात नाहीत, एवढाच बोध झाला.

या विषयावर एक साधी परीक्षा असते आणि ती मला माहीत होती. हेडलाइट लावायचे आणि सेल्फ मारायचा. दिवे विझत आले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर. दिवे तसेच राहिले तर बॅटरी बिचारी निर्दोष, भानगड पुढे कुठे तरी. आमचे दिवे ठणठणीत राहिले. मी हे मिस्त्रीला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सेल्फचं काम हाय. वायरमनकडं जावा. हे माझ्याकडचं काम न्हाई."

वायरमनने टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा फुलोरा गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुतला, वर व्हॅसलीन चोपडलं. तेवढ्याने जमेना म्हणून बॅटरी 'बसली' असं जाहीर केलं. नवी घेतली. ती चार दिवस ताठ राहिली आणि मग जुनीच्या वळणावर गेली. मग त्याने इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. तिथे चौदाच्या आसपास व्होल्ट हवेत, साडेबाराच्या वर काटा सरकेना. "डायनामो चार्ज करत न्हाई." डायनामो उतरला, कार्बन बदलले, बेअरिंग बदललं. बाकावर लावून बघितला तर झकास चालला. गाडीत बसवला की पुन्हा साडेबारा. वायरमनने माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं. "सर, इंजिनच जड फिरतंय. मेकॅनिकल हाय. मिस्त्रीला दाखवा."

मिस्त्री म्हणाला, "इंजिन जड आसतं तर धक्क्यावर चालू झालं आसतं का?"

हा मुद्दा बिनतोड होता. धक्क्यावर गाडी पटकन सुरू व्हायची: किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, चार पावलं पळवली की क्लच सोडायचा. शाळेच्या फाटकापाशी नववी 'ब' हे काम ज्या उत्साहाने करायची, त्याच्या दहावा हिस्सा उत्साह बीजगणितात दाखवती तर माझा निकाल वेगळा लागला असता.

पुढे एक्सिलरेटर जड झाला. मिस्त्रीने केबल बदलली. थोड्याच दिवसांत नवीही जड झाली. चोकही ओढताना अडखळू लागला. आणि मग एका पावसाळी सकाळी, सेल्फचं कण्हणं चालू असताना, मी चोकची मुठी धरली आणि चटकन हात काढला. ती गरम होती. बाहेर धो धो पाऊस, रात्रभर गाडी जागेवर, इंजिन अजून सुरूदेखील झालेलं नाही, आणि चोकची तार तापलेली. वाकून पाहिलं तर तिच्यावरचं काळं प्लॅस्टिक मऊ पडलेलं, एके ठिकाणी बुडबुडा आलेला, आणि जळक्या रबराचा बारीक वास.

मिस्त्रीला सांगितलं. "इंजिनाजवळ आसती सर, गरम हुणारच."

"इंजिन सुरू व्हायच्या आधी?"

तो थांबला. "मंग वायरिंग."

वायरमन हसला. "चोकला वायर कुठं आसती सर? नुसती केबल. ते मेकॅनिकल."

माझी फाइल अशी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असताना भाचा सुट्टीला आला. तो आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकतो आणि त्याला अजून कोणत्याच टेबलावर बसवलेलं नाही. त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर टेकवली, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर. "मामा, मारा सेल्फ." तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा, आला चारच्या वर. मग त्याने जंपर केबलची एक तार मायनसवरून इंजिनला जोडली. किल्ली फिरवली आणि खर्रर्र, एका दमात.

गोष्ट अशी की इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला त्याचं लोखंड नीट टेकत नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक जाड विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. सेल्फ मारताना शंभराच्या वर अँपिअर करंट जातो आणि तो त्याच पट्टीने बॅटरीकडे परततो. पट्टी सुटली तर करंट परत जायचं सोडत नाही, मिळेल ती वाट धरतो. आमच्याकडे त्याला चोकची आणि एक्सिलरेटरची केबल मिळाली. त्या तापल्या आणि आतून चिकटल्या. डायनामोही इंजिनवरच बसलेला, त्याचीही परतीची वाट तीच, म्हणून चार्जिंग पोचेना. दिवे बॉडीला जोडलेले, म्हणून ते मात्र मजेत. बॅटरी, कार्बन, बेअरिंग, केबल, सगळ्यांवर पैसे गेले ते या एका पट्टीपायी.

पट्टी गिअरबॉक्सच्या मागे, एका टोकाला बॉडीशी जोडलेली आणि दुसरं टोक मोकळं, अशी लोंबकळत होती. भाच्याने पॉलिश पेपरने जागा पांढरी होईपर्यंत घासली. "मामा, आता एक बोल्ट लागंल."

मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला.

संध्याकाळी मुद्दाम गॅरेजवर गेलो. मिस्त्री आणि वायरमन चहा पीत होते. सगळी हकीकत सांगितली. मिस्त्री म्हणाला, "म्हंजे अर्थिंग. मी पहिल्या दिवशीच म्हटलं, वायरिंग हाय." वायरमन म्हणाला, "बोल्ट ढिला म्हंजे मेकॅनिकल. मी बी तेच सांगत होतो." दोघंही समाधानी दिसले. माझ्यासाठीही चहा मागवला.

तेवढ्यात विषय निघालाच आहे म्हणून मी सांगितलं, की साठच्या वर गेलं की हल्ली स्टिअरिंग थरथरतं. मिस्त्रीने वायरमनकडे पाहिलं, वायरमनने मिस्त्रीकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

"ते टायरवाल्याचं काम."