ऊन वाढलं म्हणून टायरची हवा कमी करू नका

मार्च लागला की सोलापुरात हवेच्या मशीनपाशी एक वाक्य हमखास कानावर पडतं : "ऊन लै वाढलंय, दोन पॉइंट कमीच ठेवतो." ऐकायला पटतं. उन्हाने हवा फुगणार, टायर फुटणार, मग आधीच थोडी कमी ठेवलेली बरी. प्रत्यक्षात हा सल्ला उलटा आहे. त्यात पेट्रोल जातं, टायर लवकर झिजतो, आणि ज्या फुटण्याची भीती असते तेच जवळ येतं.

टायर रस्त्याला टेकतो तो भाग तळहातापेक्षा फार मोठा नसतो. चाक फिरताना तेवढा भाग दबतो, पुढे जाऊन परत सरळ होतो. छोट्या गाडीचं चाक किलोमीटरला साधारण ५०० वेळा फिरतं, म्हणजे सोलापूर ते पुणे या अडीचशे किलोमीटरमध्ये सव्वा लाख वेळा ही दाबादाबी होते. रबर दाबायला जेवढी ताकद लागते तेवढी ते सुटताना परत देत नाही. उरलेली उष्णता होते. हवा कमी असेल तर टायर जास्त दबतो, जास्त तापतो, आणि ती उष्णता तुमच्या टाकीतल्या पेट्रोलमधूनच येते. भर उन्हात हैदराबाद रोडला शंभरच्या स्पीडने, पाच माणसं आणि सामान घेऊन कमी हवेवर गाडी पळवली की टायरच्या बाजूची भिंत आतून शिजते. मग तो फुटतो आणि आपण उन्हाला दोष देतो.

गाडीच्या कंपनीने दिलेला हवेचा आकडा थंड टायरचा असतो. चालल्यावर, तापल्यावर दाब चार-पाच पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप, पंपावर त्यालाच पॉइंट म्हणतात) वाढणार हे धरूनच तो ठरवलेला असतो. त्यामुळे ३३ ची हवा प्रवासात ३७-३८ दिसली तर घाबरायचं कारण नाही, आणि काढायची तर मुळीच नाही.

आता अ‍ॅव्हरेजचं. इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा : चारही टायरमध्ये मिळून सरासरी १ पीएसआय हवा कमी झाली की अ‍ॅव्हरेज ०.२ टक्क्याच्या आसपास घटतं. ३३ च्या जागी २५ असेल तर दीड टक्का आणि थोडं वर. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला १६ चं अ‍ॅव्हरेज, म्हणजे ६२ लिटरच्या वर पेट्रोल; त्यातलं साधारण एक लिटर वाया. एवढंच. "हवा नीट ठेवली, अ‍ॅव्हरेज १४ वरून १८ वर गेलं" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. एवढा फरक पडत असेल तर घासणारे ब्रेक, चोंदलेला एअर फिल्टर किंवा सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहणं तपासा.

माझ्या मते त्या एका लिटरपेक्षा टायरचा खर्च मोठा आहे. हवा कमी असेल तर टायरचे दोन्ही काठ झिजतात आणि मध्ये नक्षी शिल्लक राहते. मधला भाग गुळगुळीत आणि काठ शाबूत, तर हवा जास्त. एकाच काठाला झीज असेल तर तो हवेचा प्रश्न नाही, अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, नीट करून घ्या. छोट्या गाडीचे चार टायर वीस हजारांच्या आसपास जातात. ते दहा-पंधरा हजार किलोमीटर आधी बदलावे लागले तर त्या एका लिटर पेट्रोलचं काय घेऊन बसलात?

आकडा कुठे बघायचा? चालकाचं दार उघडलं की चौकटीवर स्टिकर असतो, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. किलोपास्कल किंवा बारमध्ये असेल तर २३० किलोपास्कल म्हणजे २.३ बार म्हणजे ३३ पीएसआय. टायरच्या भिंतीवर "मॅक्स" लिहून जो आकडा असतो तो टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचा नव्हे. बऱ्याच स्टिकरवर दोन ओळी असतात : एक दोन-तीन माणसांसाठी, दुसरी भरलेल्या गाडीसाठी. घरातले सगळे तुळजापूर-पंढरपूरला निघाले की दुसरी ओळ वाचायची. तिथे बहुतेक मागच्या टायरचा आकडा जास्त असतो, आणि नेमकी तीच ओळ कुणी वाचत नाही.

खरी गोची मोजण्यात आहे. थंड टायर म्हणजे किमान तीन तास उभी असलेली गाडी, तीही सावलीत. जुळे सोलापुरातून निघून दुपारी पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेले असतात. मशीनवर ३३ लावलं, टायरमध्ये ३७ दिसले, मशीनने चार काढून टाकले आणि टूं-टूं वाजवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरमध्ये २९. म्हणजे मुद्दाम पंपावर जाऊन हवा कमी करून आलात.

यावर उपाय सोपा आहे. तीन-चारशे रुपयांचं प्रेशर गेज घ्या. सकाळी गाडी काढायच्या आधी वॉल्व्हची टोपी काढा आणि गेज सरळ दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर गेज तिरकं बसलंय, परत लावा. समजा २८ आलं. पाहिजे ३३, कमी ५. आता पंपावर जाऊन तिथलं मशीन जे दाखवेल त्यात ५ मिळवायचे : ३१ दाखवलं तर ३६ लावायला सांगा. मुलगा म्हणेल, "दादा, जास्त होतंय." होऊ द्या. दुसऱ्या सकाळी परत मोजा, ३३ च्या आसपास मिळेल.

हे महिन्यातून एकदा करा. धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय जातोच, आणि तापमान १० अंशांनी उतरलं की दीडेक पीएसआय आपोआप कमी होतो. मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या गार सकाळी मोजली तर पाच-सहाचा खड्डा सहज सापडतो. डोळ्यांना तो दिसत नाही. रेडियल टायरचं पोट थोडं सुटलेलं असतंच, आणि बुटाने लाथ मारून तर काहीच कळत नाही. एकच टायर दर आठवड्याला उतरत असेल तर वॉल्व्हवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर आतली पिन सैल आहे किंवा रबर चिरलंय. तिथे काही नसेल तर खिळा शोधा, नाहीतर टायर रिमला जिथे बसतो तिथे गंज आहे का बघा.

४० भरून गाडी "हलकी" पळवणारेही आहेत. हलकी पळते हे खरं. पण आकड्याच्या वर गेल्यावर प्रत्येक पीएसआयचा फायदा घटत जातो, आणि पहिल्या पावसात, रस्ता तेलकट असताना, ब्रेकला पकड कमी मिळते. शिवाय आपल्याकडचे स्पीडब्रेकर सस्पेन्शन आणि कंबर, दोन्ही वसूल करतात.

नायट्रोजनबद्दल थोडक्यात : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या. भरलेला असेल आणि कमी झाला तर वर साधी हवा भरली तरी चालते, त्यासाठी विशिष्ट पंप शोधत हिंडू नका.

स्टेपनी मात्र त्याच सकाळी मोजा. ती मूळ टायरच्याच मापाची असेल तर स्टिकरवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याइतकी भरून ठेवा. जास्तीची काढता येते, रस्त्यात भरता येत नाही. बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावर वेगळा आकडा छापलेला असतो, बहुधा ६० पीएसआय. तिला ३३ लावून ठेवणारे टायरवाले आहेत, तेव्हा सर्व्हिसिंगहून गाडी आली की डिकी उघडून बघा.