सही, क्रमांक आणि प्रमाणपत्र: लिथोग्राफविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांपासून सोलापुरातल्या निरनिराळ्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश फिरतो आहे. तो व्यापारी मंडळींच्या गटात आला, निवृत्त शिक्षकांच्या गटात आला, आणि शेवटी मुद्रण व्यवसायातल्या आम्हा जुन्या सहकाऱ्यांच्या गटातही आला, तेव्हा मात्र गप्प बसवेना. संदेशाचा आशय असा: मोठ्या आधुनिक चित्रकाराचा लिथोग्राफ म्हणजे त्याच्या मूळ चित्राची त्यानेच सही केलेली हुबेहूब प्रत, सही असली की तो अस्सल, क्रमांक जितका लहान तितकी किंमत जास्त, सोबत प्रमाणपत्र असले की शंकेला जागा नाही, आपल्या पंढरपूरच्या हुसेन यांचे लिथोग्राफ अजून आवाक्यात आहेत, आणि हा पैसा सोन्याहून सुरक्षित, तेव्हा घ्या, भिंतीवर लावा आणि विसरून जा. यातले एकही विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही, आणि काही तर घेणाऱ्याला सरळ खड्ड्यात घालणारी आहेत.

‘मूळ चित्राची हुबेहूब प्रत’ इथेच पाया चुकला आहे. लिथो म्हणजे दगड. आपल्याकडे जुन्या पोथ्यांना आपण शिळाछाप म्हणतो ती हीच पद्धत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डर याने ती शोधून काढली, आणि त्यासाठी सोल्नहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा दगड वापरला. आपली शहाबादी फरशीही चुनखडीचीच, पण सोल्नहोफेनच्या दगडाचा कण कितीतरी बारीक असतो. चित्रकार घासून सपाट केलेल्या दगडावर तेलकट खडूने किंवा तेलकट शाईने थेट चित्र काढतो, तेही उलटे. मग डिंक आणि सौम्य नायट्रिक आम्ल यांचे मिश्रण फिरवतात. त्यानंतर दगड ओला ठेवून त्यावर शाईचा रूळ फिरवला की कोरा भाग पाणी धरून शाई नाकारतो आणि चित्राची रेषा तेवढी शाई उचलते. पुष्कळदा प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड किंवा जस्ताचा पत्रा लागतो, आणि काम संपले की दगड घासून पुन्हा कोरा केला जातो. याचा अर्थ असा की, ज्याची ‘प्रत’ काढली असे दुसरे एखादे मूळ चित्र कुठल्या भिंतीवर टांगलेले नसते. छापलेला प्रत्येक कागद हाच मूळ असतो. पिकासो १९४५ च्या नोव्हेंबरात पॅरिसमधल्या फेर्नां मुर्लो यांच्या छापखान्यात जाऊ लागला आणि त्या हिवाळ्यात त्याने एकाच बैलाच्या अकरा अवस्था छापून घेतल्या. आधी धष्टपुष्ट जनावर, आणि शेवटी मोजक्या रेषांत उरलेला बैल. तो बैल कुठल्याही तैलचित्राची नक्कल नव्हे. तो दगडावरच घडला.

सीमाशुल्काचा तक्ताही हाच भेद पाळतो. त्यातल्या ९७०२ या शीर्षकाखाली मूळ लिथोग्राफ येतात, आणि चित्रकाराने संपूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेल्या पाटीवरून थेट काढलेला छाप, ज्यात यांत्रिक किंवा छायायांत्रिक (म्हणजे छायाचित्रावरून होणारी) प्रक्रिया नाही, अशी तिथली व्याख्या आहे. कायद्याची भाषा सहसा रूक्ष असते. इथे मात्र ती संदेश लिहिणाऱ्यापेक्षा बरीच नेमकी आहे.

आता एक खाच सांगितली पाहिजे. दगडावर छापले म्हणजे ते चित्रकारानेच दगडावर काढले, असे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती त्याच वळणाच्या. ही चित्रे दगडावरूनच छापली गेली, पण रविवर्मांच्या रंगचित्रांवरून ती दगडावर उतरवण्याचे काम तिथल्या कारागिरांनी केले. मार्क शागाल हा चित्रकार स्वतः दगडावर भरपूर काम करीत असे. तरीही त्याच्या कित्येक चित्रांवरून शार्ल सोर्लिए या मुर्लोंकडच्या निष्णात कारागिराने लिथोग्राफ तयार केले, आणि पुष्कळदा त्या कागदावर सोर्लिए यांचे नावही छापलेले असते. ही कामे हलकी नव्हेत. पण ‘शागालचा लिथोग्राफ’ आणि ‘शागालच्या चित्रावरून केलेला लिथोग्राफ’ या दोहोंच्या किमतीत मोठे अंतर असते, आणि विक्रेत्याच्या वर्णनात ‘वरून’ हा एवढासा शब्द फार बारीक अक्षरांत असतो.

याहून मोठी गफलत ऑफसेटची, म्हणजे छायाचित्रावरून बनवलेल्या पत्र्याने यंत्रावर होणाऱ्या छपाईची. आमच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका आणि चादरींची लेबले ज्या यंत्रावर निघत, तेही पाणी आणि तेल यांच्या वैरावरच चालते, म्हणून तांत्रिक भाषेत त्यालाही लिथोग्राफी म्हणता येते. शब्दाचा हा आडोसा घेऊन कॅलेंडरच्या दर्जाचे पुनर्मुद्रण लिथोग्राफ म्हणून खपवले जाते. मी स्वतः मुद्रक असून फसलो, हे कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मी मीरो या स्पॅनिश चित्रकाराच्या नावाचा, काचेच्या चौकटीत बंद असलेला, खाली सही असलेला एक कागद घेतला आणि चौकट न उघडता वर्षभर दिवाणखान्यात मिरवला. पुढे टॉवेलच्या कारखान्यातले माझे एक स्नेही घरी आले. त्यांच्या खिशात कापडाचे धागे मोजायचे घडीचे भिंग होते, ज्याला यंत्रमागवाले पिक ग्लास म्हणतात. सहज गंमत म्हणून आम्ही चौकट उघडून ते भिंग कागदावर ठेवले. तांबड्या भागात सपाट तांबडा रंग दिसायला हवा होता. दिसली ती किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांची शिस्तीत मांडलेली फुले, आणि काळ्या सहीच्या रेषेतही तेच ठिपके. म्हणजे सहीसुद्धा छापलेली! हाताने केलेल्या लिथोग्राफात भिंगाखाली खडूचा रवाळ, अनियमित पोत दिसतो, एका रंगाची कड दुसऱ्यावर चढलेली दिसते, पण ठिपक्यांची जाळी दिसत नाही. ज्या शहरात हे भिंग घरोघरी सापडेल, त्या शहरात तरी कोणी न पाहता कागद घेऊ नये.

‘सही असली की अस्सल’ या विधानाबद्दल साल्वादोर दाली या चित्रकाराचे उदाहरण पुरेसे आहे. १९७४ मध्ये फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एक मालमोटार अडवली, तेव्हा तिच्यात दालीची सही असलेले सुमारे ४०,००० कोरे कागद निघाले. सही खरी, पण त्या कागदावर पुढे काय छापले जाईल याच्याशी चित्रकाराचा काही संबंध नाही, अशी ही अवस्था. याच्या नेमके उलट उदाहरण पॅरिसच्या एका गॅलरीचे आहे. तिच्या मालकांचे आडनाव उच्चारात ‘माग’ असे आहे, आणि सोलापूरकराच्या कानाला ते घरचेच वाटेल. त्या गॅलरीचे ‘देरिएर ल मिरवार’ हे नियतकालिक १९४६ ते १९८२ या काळात निघत असे. त्यात मीरो, शागाल, काल्डर यांचे मूळ लिथोग्राफ असत, पण त्यांतल्या बहुतेकांवर सही नसे. म्हणजे सही नसलेला कागद अस्सल असू शकतो, आणि सही असलेला नसूही शकतो. शिवाय सहीमुळे भाव वाढतो, म्हणूनच अशा अस्सल पण बिनसहीच्या पानांवर मागाहून पेन्सिलीने सही ओढली जाते. दुहेरी पान असेल तर मधोमध घडीची खूण सापडते. ती सापडली आणि शेजारी सही व क्रमांकही असला, तर विक्रेत्याला दोन प्रश्न अधिक विचारावेत.

क्रमांकाचा मुद्दा लवकर संपण्यासारखा आहे. ३/१०० (म्हणजे शंभर प्रतींतला तिसरा) हा कागद ९३/१०० पेक्षा सरस, ही समजूत ताम्रपत्रावर सुईने कोरलेल्या चित्रांच्या बाबतीत थोडीफार खरी असू शकते, कारण तिथे कोरलेल्या रेषेची धार काही छापांतच बसते. दगड तसा झिजत नाही. शिवाय छापलेले कागद वाळत घालून, चाळून, मग चित्रकारापुढे सहीला येतात, त्यामुळे तिसरा क्रमांक तिसऱ्यांदा छापलेल्या कागदालाच मिळाला असे कोणी सांगू शकत नाही. उलट विचारायचे ते एकूण संख्येबद्दल. शंभराच्या आवृत्तीबरोबर चित्रकारासाठी राखलेल्या प्रती असतात, ‘विक्रीसाठी नाही’ अशी खूण केलेल्या प्रती असतात आणि कधी रोमन आकड्यांची वेगळी मालिकाही असते. १०० हा आकडा कागदावर दिसतो. बाजारात असलेले कागद त्याहून अधिक असतात.

प्रमाणपत्राविषयी सोलापुरात तरी फार समजावून सांगावे लागू नये. बाहेरगावी रस्त्यावर ‘सोलापुरी चादर’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापुरात विणलेली नसते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, आणि लेबल मात्र प्रत्येकीवर असते. विकणाऱ्यानेच लिहून दिलेले प्रमाणपत्र हे त्या लेबलाइतकेच. खरा आधार म्हणजे त्या चित्रकाराच्या छापचित्रांची अभ्यासपूर्वक केलेली सूची. पिकासोच्या लिथोग्राफांची सूची खुद्द मुर्लोंनी केली, आणि आजही त्याचे लिथोग्राफ ‘मुर्लो क्रमांक अमुक’ असे ओळखले जातात. अशा सूचीत कागदाचा प्रकार, प्रतिमेचे माप, आवृत्तीची संख्या आणि वर्ष दिलेले असते. हातातला कागद चौकटीतून काढून, फूटपट्टी लावून आणि उजेडासमोर धरून जलचिन्ह (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण) पाहून तो त्या नोंदीशी ताडून घ्यावा. चौकट उघडू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवणे बरे.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, तेव्हा त्यांच्याविषयी या जिल्ह्यात आपलेपणा असणे स्वाभाविक आहे. परंतु त्यांच्या नावाने बाजारात येणारी पुष्कळशी छापचित्रे लिथोग्राफ नसून सेरिग्राफ असतात, म्हणजे जाळीच्या चौकटीतून रंग ओढून केलेले स्क्रीन प्रिंट. कापडी पिशव्यांवर नाव छापणारा इथला कोणताही कारागीर ते एका नजरेत ओळखेल, कारण त्यात रंगाचा थर कागदावर जाडसर बसलेला असतो. सेरिग्राफ घेण्यात काहीही कमीपणा नाही. पण विकणाऱ्याला स्वतः काय विकतो आहे याचे नाव ठाऊक नसेल, तर बाकीच्या तपशिलावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

राहता राहिली सोन्याशी तुलना. सोने कोणत्याही सराफाच्या पेढीवर नेले की त्या दिवसाच्या भावाने अर्ध्या तासात पैसे होतात. लिथोग्राफाला असा रोजचा भाव नाही; गिऱ्हाईक शोधावे लागते, लिलावात विकला तर लिलावगृह आपला वाटा कापते, आणि घेतानाही बोलीवर अधिमूल्य, म्हणजे लिलावगृहाची जादा रक्कम, भरावे लागते. शिवाय भाव चित्राला नसून त्या विशिष्ट कागदाला असतो. पिकासोचे प्रसिद्ध कबूतर घ्या. जानेवारी १९४९ मध्ये जस्ताच्या पत्र्यावर केलेल्या त्या लिथोग्राफची सही-क्रमांकाची आवृत्ती ५० प्रतींची होती. त्याच वर्षी पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर तेच कबूतर छापले गेले. आणि पुढे त्याची ऑफसेट पुनर्मुद्रणे किती निघाली याला सुमार नाही. डोळ्यांना चित्र एकच दिसते, पण वस्तू तीन आहेत आणि त्यांची किंमत ठरवणारी परिमाणेही तीन आहेत. आवडले म्हणून, परवडते तेवढ्यात घ्यावे. मुलीच्या लग्नाची तजवीज म्हणून घेऊ नये.

‘भिंतीवर लावा आणि विसरा’ हा सल्ला तर आपल्या हवेत सर्वांत महाग पडणारा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पार असतो, पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत धगधगते, आणि जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कागद ताणतो, फुगतो. थेट ऊन लागले की रंग उडतात. मागे लावलेल्या हार्डबोर्डातले आम्ल कागदात उतरून चौकोनी तपकिरी पट्टा उमटतो. चिकटपट्टीचे डाग तर जन्मभर जात नाहीत. आणि कसर लागली की कडा कुरतडल्या जातात. आम्लरहित पुठ्ठा, काच आणि कागद यांच्यात थोडी पोकळी, आतली भिंत, आणि पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा मागची बाजू उघडून पाहणे, एवढे तरी करावेच. चौकट करणाऱ्याच्या शेजारी मात्र उभे राहावे. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचा खरा, सहीचा, सर्व कसोट्यांना उतरलेला कागद चौकटीत बसेना, म्हणून फ्रेमवाल्याने मोठ्या आपुलकीने त्याच्या चारही बाजूंच्या पांढऱ्या पट्ट्या कापून टाकल्या. क्रमांक खालच्या पट्टीत होता.